पदवीला समाजशास्त्र हा मुख्य विषय घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थी आणि पालक जे प्रश्न विचारतात, तसेच पहिले सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांना जे प्रश्न पडू लागतात, ते येथे एकत्र केले आहेत. मी बरीच वर्षे पदवीच्या वर्गांना हा विषय शिकवत असल्यामुळे उत्तरांमध्ये काही ठिकाणी माझे स्वतःचे मत आले आहे आणि ते मी लपवलेले नाही. श्रेयांक, विषयांची नावे आणि परीक्षेची पद्धत विद्यापीठागणिक बदलते. त्यासाठी आपल्या विद्यापीठाची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

समाजशास्त्रात नेमके काय शिकवतात?

माणसे एकत्र राहू लागली की त्यांच्या वागण्याला ठरावीक वळणे पडतात. ही वळणे कशी पडतात, कशामुळे टिकतात आणि कोणत्या परिस्थितीत बदलतात, याचा पुराव्यानिशी केलेला अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. कुटुंब, शिक्षण, धर्म, काम, वर्ग, लिंगभाव, गुन्हा, आरोग्य, प्रसारमाध्यमे, शहरे, स्थलांतर असे कितीतरी विषय त्यात येतात. परंतु विषयांची यादी पाहून या शास्त्राची ओळख पटत नाही, ती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवरून पटते.

सी. राइट मिल्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली दिलेले बेकारीचे उदाहरण मला अजूनही पहिल्या तासाला सर्वांत उपयोगी वाटते. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव, त्याचे कौशल्य आणि त्याच्यापुढच्या संधी पाहणे योग्य आहे. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी माणसे बेकार असतील, तर एकेकाच्या स्वभावात त्याचे उत्तर शोधून हाती काही लागणार नाही, कारण तेथे संधींची रचनाच कोलमडलेली असते. घटस्फोट, परीक्षेतील नापास होणे, आजारपण, कर्ज यांपैकी कोणताही प्रश्न घ्या. त्यातला व्यक्तीचा वाटा किती आणि रचनेचा किती, हे तपासून पाहायला या विषयात शिकायचे असते.

हा विषय सोपा आहे असे सगळे म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तीर्ण होण्यापुरता तो फार अवघड नाही, हे मान्य केले पाहिजे. भाषा ओळखीची असते, समीकरणे कमी असतात, आणि परीक्षेत अनुभवावर चार पाने लिहिता येतात. परंतु विषय खरोखर शिकायचा म्हटले तर हीच ओळख आड येते. रसायनशास्त्राच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला रेणूंविषयी आधीपासून ठाम मते नसतात. समाजशास्त्राच्या वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला कुटुंब, गरिबी, लग्न आणि गुन्हेगारी यांविषयी ठाम मते असतात, कारण तो या सगळ्यांत वाढलेला असतो.

‘आमच्या ओळखीत तर असे काही नाही’ हे वाक्य मी प्रत्येक वर्षी ऐकतो. त्या विद्यार्थ्याचे निरीक्षण खोटे नसते, पण आपली ओळख ही समाजातून निवडलेला योग्य नमुना नव्हे. आपण ज्या वर्गात, ज्या भाषेत, ज्या वस्तीत वाढलो त्यानेच आपल्या ओळखी ठरवलेल्या असतात. स्वतःच्या अनुभवाला पुराव्याचा दर्जा लगेच न देता त्यातून प्रश्न काढायचा आणि तो तपासायचा, ही सवय लागायला बहुतेकांना दीड-दोन वर्षे जातात. माझ्या मते पदवीच्या काळात मिळवण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे, आणि या पानावरची बरीचशी उत्तरे फिरून याच मुद्द्यापाशी येतील.

मानसशास्त्र, मानवशास्त्र आणि समाजकार्य यांपेक्षा हा विषय वेगळा कसा?

मानसशास्त्राचा भर व्यक्तीच्या मनोव्यापारांवर असतो, तर समाजशास्त्राचा भर व्यक्तींमधील संबंधांवर आणि संस्थांवर असतो. मानवशास्त्राशी असलेली सीमारेषा बरीच पुसट आहे. दीर्घकाळ एका समुदायात राहून अभ्यास करण्याची पद्धत तिकडून आली आणि आता दोघांचीही झाली आहे. समाजकार्य हे व्यावसायिक शिक्षण असून त्यात लोकांना प्रत्यक्ष मदत करण्याचे कौशल्य शिकवतात. ज्याला मदतीचेच काम करायचे आहे त्याने समाजकार्याचा विचार आधी करावा. समाजशास्त्राच्या पदवीने ते काम करण्याचा परवाना मिळत नाही.

तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम साधारण कसा पुढे सरकतो?

पहिल्या वर्षी विषयाची ओळख आणि मूलभूत संकल्पना असतात: भूमिका, दर्जा, समूह, संस्था, सामाजीकरण (समाजाच्या रीती अंगवळणी पडणे), स्तरीकरण (समाजाची वरच्या-खालच्या थरांत विभागणी). दुसऱ्या वर्षी अभिजात सिद्धांत आणि संशोधन पद्धती येतात, आणि बहुतेकांची दमछाक येथेच होते. त्यापुढे आधुनिक सिद्धांत आणि धर्माचे, शहराचे, आरोग्याचे, कामाचे किंवा लिंगभावाचे समाजशास्त्र असे निवडीचे विषय असतात. शेवटी बऱ्याच ठिकाणी लघुप्रबंध किंवा क्षेत्रप्रकल्प असतो.

एक सूचना आग्रहाने करतो. संशोधन पद्धतीचा विषय शेवटच्या वर्षापर्यंत ढकलण्याची मुभा असली, तरी तो ढकलू नये. पद्धती माहीत नसताना वाचलेले संशोधन हे केवळ कोणीतरी काढलेल्या निष्कर्षांचे पाठांतर ठरते.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे लेखक अजून का वाचायला लावतात?

‘समाजशास्त्र’ या अर्थाचा फ्रेंच शब्द ऑगस्त काँत यांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केला. त्यानंतर मार्क्स, दुर्खीम आणि वेबर या तिघांनी ज्या प्रश्नांवर आयुष्य घालवले ते प्रश्न अजून सुटलेले नाहीत: विषमता कशी निर्माण होते आणि टिकते, माणसे एकमेकांशी बांधलेली कशाने राहतात, आणि आधुनिक जगात हिशेबीपणा व नोकरशाही सगळीकडे का पसरत जातात. मात्र त्यांचे म्हणणे श्रद्धेने वाचायचे नसते, तपासत वाचायचे असते. याचे उदाहरण म्हणून दुर्खीम यांच्या आत्महत्येवरील १८९७ च्या ग्रंथाकडे थोडे जवळून पाहू.

आत्महत्या ही माणसाची सर्वांत खासगी कृती वाटते. दुर्खीम यांनी एकाही कुटुंबाची मुलाखत न घेता युरोपातील देशांची आणि प्रांतांची अधिकृत आकडेवारी समोर मांडली आणि दाखवून दिले की, प्रत्येक समाजाचा आत्महत्येचा दर वर्षानुवर्षे बराचसा स्थिर राहतो, प्रोटेस्टंट प्रदेशांत तो कॅथलिक प्रदेशांपेक्षा जास्त असतो आणि अविवाहितांमध्ये विवाहितांपेक्षा जास्त असतो. व्यक्ती बदलत राहतात पण दर टिकतो, म्हणजे दराचे कारण व्यक्तींच्या पलीकडे, त्यांना बांधून ठेवणाऱ्या संबंधांच्या घट्ट किंवा सैल असण्यात शोधले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. इतक्या खासगी गोष्टीचे सामाजिक स्पष्टीकरण देऊन त्यांनी या नव्या शास्त्राला स्वतःची जमीन मिळवून दिली.

आता त्याच ग्रंथाकडे टीकाकाराच्या नजरेने पाहू. प्रोटेस्टंट बहुसंख्य असलेल्या प्रांतात दर जास्त आहे, एवढ्यावरून आत्महत्या करणारे प्रोटेस्टंटच होते असे सिद्ध होत नाही. प्रदेशाच्या आकड्यांवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्यातली ही चूक १९५० साली विल्यम रॉबिन्सन यांनी संख्याशास्त्रीय पुराव्याने उघड केली. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. मृत्यूची नोंद कोण करते? ज्या समाजात आत्महत्या हे मोठे पाप मानले जाते, तेथे घरचे लोक, वैद्य आणि अधिकारी तो मृत्यू अपघात म्हणून नोंदवण्याची शक्यता अधिक असते. तसे असेल तर दरांतील फरकाचा काही भाग हा आत्महत्यांमधला नसून नोंदवहीतला आहे. हा आक्षेप ज्याला नीट समजला, तो विद्यार्थी पुढे गुन्ह्यांचे, बेकारीचे किंवा साक्षरतेचे कोणतेही आकडे वाचताना ते कोणी आणि कसे गोळा केले हे आधी विचारतो. अभिजात ग्रंथ आजही वाचायचे ते यासाठी.

अभ्यासक्रमात केवळ युरोपातील पुरुषच का दिसतात?

ही तक्रार रास्त आहे आणि अनेक विभागांनी तिची दखल घेतली आहे. हॅरिएट मार्टिनो यांनी समाजाचे निरीक्षण कसे करावे यावर १८३८ मध्येच पुस्तक लिहिले आणि १८५३ मध्ये काँत यांचे लेखन संक्षिप्त करून इंग्रजीत आणले, तरी कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत त्यांचे नावही नव्हते. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी फिलाडेल्फिया शहरातील कृष्णवर्णीय वस्तीत घरोघरी जाऊन केलेला अभ्यास १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वेक्षण, नकाशे, जुने दस्तऐवज आणि मुलाखती असे सगळे एकत्र वापरणारे ते फार लवकरचे काम आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे मांडले, आणि इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ग्रंथात भारतातील नातेसंबंधांच्या रचनांचा प्रदेशवार आणि भाषावार वेध घेतला. आपल्या विभागाच्या वाचनयादीत अशी नावे नसतील, तर शिक्षकांना त्याविषयी विचारण्यात काहीच गैर नाही.

गणित आणि संख्याशास्त्र किती लागते?

शाळेत गणित नकोसे झालेले अनेक जण या विषयाकडे वळतात आणि दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्र समोर आल्यावर फसवले गेल्यासारखे त्यांना वाटते. म्हणून आधीच सांगतो की संख्याशास्त्र येणारच आहे. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, सहसंबंध, काय-वर्ग चाचणी आणि साधे प्रतिगमन एवढे बहुतेक ठिकाणी शिकवतात. प्रत्यक्ष आकडेमोड एसपीएसएस किंवा आर यांसारख्या संगणकप्रणाली करतात. आपण शिकायचे ते कोणती चाचणी कधी वापरावी आणि आलेल्या उत्तरातून किती म्हणता येते हे. बेरीज, टक्केवारी आणि गुणोत्तर पक्के असेल तर सरावाने हे सारे जमते.

खरी अवघड बाजू नमुनानिवडीची आहे आणि तिला गणितापेक्षा विचार अधिक लागतो. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार लँडन विजयी होतील असे जाहीर केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी छोट्या नमुन्यावरून विजेता अचूक सांगितला होता. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते दूरध्वनी पुस्तिका आणि मोटारींच्या नोंदी यांसारख्या याद्यांतून, म्हणजे मंदीच्या काळातही ज्यांच्याकडे या वस्तू होत्या अशांचे. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवण्याची तसदी घेतली ते आणि ज्यांनी घेतली नाही ते, यांची मतेही सारखी नव्हती. मैत्रिणींच्या गटांत प्रश्नावलीचा दुवा पाठवून ‘तरुणांची मते’ सांगणारा प्रकल्प प्रत्येक वर्षी माझ्याकडे येतो, तेव्हा मी त्या विद्यार्थ्याला ही हकिगत वाचायला देतो. उत्तरांची संख्या मोठी आहे, यावरून ती कोणाची उत्तरे आहेत हे कळत नाही.

मुलाखत घेणे म्हणजे गप्पा मारणेच ना?

नाही, आणि हे पहिली मुलाखत कागदावर उतरवताना कळते. एक तासाचे ध्वनिमुद्रण शब्दशः लिहून काढायला नवख्याला पाच-सहा तास सहज लागतात. ते काम कंटाळवाणे आहे, तरीही एकदा तरी स्वतः करावे, कारण आपण समोरच्याला कुठे तोडले, कुठे उत्तर त्याच्या तोंडात घातले, हे त्यातून दिसते.

माझ्या एका विद्यार्थिनीने नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या घरकामावर अभ्यास केला होता. तिचा पहिला प्रश्न होता, ‘नोकरी आणि घर दोन्ही सांभाळताना तुमची ओढाताण होते ना?’ त्यावर बहुतेकींनी, हो, होते, पण आम्ही घरात सगळे मिळून करतो, असे उत्तर दिले. प्रश्नातच उत्तर असल्यामुळे त्यापुढे बोलण्यासारखे काही उरले नव्हते. दुसऱ्या फेरीत तिने प्रश्न बदलला: ‘काल सकाळी उठल्यापासून कामावर पोहोचेपर्यंत काय काय झाले, ते क्रमाने सांगाल का?’ आता उत्तरे दोन-दोन पानांची आली. मी पाचला उठले, मी पाणी भरले, मी मुलांचे कपडे काढून ठेवले, मी सासऱ्यांची औषधे मोजून ठेवली. पहिल्या उत्तरातले ‘आम्ही’ या पानांवर जवळजवळ कुठेच नव्हते. त्या स्त्रिया पहिल्या वेळी खोटे बोलल्या नव्हत्या. घर कसे चालावे याविषयीची कल्पना त्यांनी आधी सांगितली आणि घर कसे चालते ते नंतर सांगितले. या दोन्हींमधले अंतर हाच त्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पाचा गाभा ठरला.

निरीक्षणाच्या नोंदींनाही हेच लागू आहे. एखाद्या कार्यालयातील रांगेचे निरीक्षण करताना ‘बाई संतापल्या होत्या’ असे लिहिले, तर तो निष्कर्ष झाला. ‘त्यांनी अर्ज खिडकीतून परत आत सरकवला, शिक्का कुठे मिळतो ते दुसऱ्यांदा विचारले, आणि मागच्या लोकांकडे वळून आवाज चढवला’ असे लिहिले, तर ती नोंद झाली, आणि महिन्याभराने तिच्याकडे पुन्हा पाहून वेगळा अर्थही लावता येतो. कदाचित त्यांना राग दाखवायचा नसेल, रांगेतल्या इतरांना साक्षीदार करायचे असेल.

नोंदी त्याच दिवशी लिहाव्यात आणि त्यांच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूर भागातील एका खेड्यात राहून केलेल्या अभ्यासाच्या, पुढे वर्षानुवर्षे मेहनतीने लावलेल्या नोंदी १९७० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत जळाल्या. त्यांनी नंतर मुख्यतः स्मरणाच्या आधारे त्या खेड्यावर ग्रंथ लिहिला आणि तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ग्रंथ अभिजात मानला जातो, पण त्यामागे आयुष्यभराची जाण होती. पदवीच्या विद्यार्थ्याने तशा प्रसंगाची वाट पाहू नये.

लोकांविषयी माहिती गोळा करताना कोणती बंधने पाळावी लागतात?

ज्यांचा अभ्यास करायचा त्यांना तो कशासाठी आहे हे समजेल अशा भाषेत सांगणे, त्यांची संमती घेणे, केव्हाही माघार घेण्याची मोकळीक देणे, त्यांची ओळख उघड न करणे आणि त्यांना इजा होणार नाही हे पाहणे, ही मूळ बंधने आहेत. लहान मुले, रुग्ण, कैदी यांच्याविषयीचे नियम अधिक कडक असतात. अनेक विद्यापीठांत काम सुरू करण्याआधी नैतिकता समितीची मान्यता लागते आणि तिला वेळ लागतो, हे वेळापत्रक आखताना लक्षात घ्यावे.

ही बंधने कागदी वाटत असतील, तर अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज यांच्या १९७० च्या अभ्यासावरील वाद जरूर समजून घ्यावा. सार्वजनिक स्वच्छतागृहांत गुपचूप भेटणाऱ्या पुरुषांचे त्यांनी निरीक्षण केले, त्यांच्या मोटारींचे क्रमांक टिपून पत्ते मिळवले, आणि सुमारे वर्षभराने वेश बदलून आरोग्य सर्वेक्षणाच्या निमित्ताने त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. समाजात प्रचलित असलेले काही दुष्ट गैरसमज त्या संशोधनाने खोडून काढले, हे खरे आहे; पण ती नावे बाहेर पडली असती तर त्या माणसांचे संसार आणि नोकऱ्या उद्ध्वस्त झाल्या असत्या, आणि हा धोका पत्करायचा की नाही हे त्यांना कोणी विचारले नव्हते. वर्गात या प्रश्नावर दर वर्षी दोन तट पडतात. माझे मत संमतीच्या बाजूचे आहे.

वाचन फार असते का, आणि ते कसे करावे?

असते. आठवड्याला शंभरेक पाने हे अनेक ठिकाणी सर्वसाधारण प्रमाण आहे, आणि त्यातले बरेच इंग्रजीत असते. सगळे सारख्या बारकाईने वाचायचे नसते. संशोधन लेख असेल तर आधी प्रश्न, मग पुरावा कोठून आणला तो भाग, मग निष्कर्ष, आणि त्यानंतर गरज असेल तर बाकीचे, या क्रमाने वाचावे. सैद्धांतिक ग्रंथ मात्र सावकाश, पेन्सिल हातात घेऊनच वाचावा लागतो. वेबर यांचे एक पान वाचायला वीस मिनिटे लागली तर त्यात कमीपणा मानू नये. इंग्रजी जड जात असेल, तर परिच्छेदाचा आशय समासात स्वतःच्या मराठीत एका वाक्यात लिहावा. ते वाक्य लिहिता आले नाही, तर परिच्छेद समजलेला नाही असे समजून पुन्हा वाचावा. मार्गदर्शिका परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उपयोगी पडतात; वर्षभर त्यांच्यावरच राहणारा विद्यार्थी व्याख्या पाठ करतो, पण एखादे अनोळखी उदाहरण समोर आले की अडतो.

माझी राजकीय किंवा धार्मिक मते शिक्षकांच्या मतांशी जुळत नसतील तर?

गुण मतांना मिळू नयेत, युक्तिवादाला आणि पुराव्याला मिळावेत, ही अपेक्षा विद्यार्थ्याने जरूर ठेवावी. वेबर यांनी १९१७ मध्ये म्युनिकमध्ये दिलेल्या विज्ञानाच्या व्यवसायावरील व्याख्यानात म्हटले होते की, शिक्षकाचे पहिले काम विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वतःच्या पक्षमतांना गैरसोयीची ठरणारी तथ्ये ओळखायला शिकवणे हे आहे. आणि अशी तथ्ये प्रत्येक मताला असतात, हेही त्यांनी तेथेच सांगितले. त्यांची ही अपेक्षा शिक्षकाच्या मतांनाही तितकीच लागू आहे. विद्यार्थ्याने वर्गात आपले मत जरूर मांडावे, परंतु कोणता पुरावा मिळाला तर आपण ते बदलू, हे आधी स्वतःशी ठरवून घ्यावे.

यातली एक अडचण नाजूक आहे. कुटुंबसत्ता, जात, वर्ग यांविषयी वाचताना स्वतःच्या घराकडे पाहण्याची दृष्टी बदलते आणि काही विद्यार्थ्यांना त्याचा त्रास होतो. घरच्यांशी बोलताना प्रत्येक वाक्याचे विश्लेषण सुरू होते. हे बहुधा तात्पुरते असते. घरचे लोकही त्याच रचनांमध्ये अडकलेले आहेत, हे पुढच्या वाचनात उमगू लागते तेव्हा तो राग बराच निवळतो.

स्वभाव लाजाळू असेल तर हा विषय जमेल का?

जमेल. उत्तम मुलाखतकारांमध्ये कमी बोलणारी माणसे बरीच असतात, कारण ती समोरच्याला बोलू देतात. शिवाय जनगणनेचे आकडे, जुनी वर्तमानपत्रे किंवा दस्तऐवज यांवर आधारलेले संशोधन करण्याचा मार्ग सदैव मोकळा आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरली तर चालतात का?

विद्यापीठाचा नियम आधी पाहावा. त्यापलीकडे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: ज्या व्यक्तीला गोपनीयतेचे वचन दिले आहे तिच्या मुलाखतीचा मजकूर परवानगीशिवाय बाहेरच्या कोणत्याही सेवेत चढवू नये. या साधनांनी दिलेले संदर्भ ग्रंथालयात प्रत्यक्ष सापडेपर्यंत खरे मानू नयेत. अस्तित्वातच नसलेले लेख उद्धृत केलेले निबंध माझ्याकडे आलेले आहेत.

समाजशास्त्राची पदवी घेऊन नोकरी कोणती मिळते?

पालकांचा हा पहिला प्रश्न असतो आणि तो टाळू नये. अभियांत्रिकी किंवा परिचर्या यांप्रमाणे या पदवीला जोडलेला एकच ठरलेला व्यवसाय नाही. संशोधन संस्था, बाजार सर्वेक्षण, स्वयंसेवी संस्था, मनुष्यबळ विभाग, पत्रकारिता, प्रशासन, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण, शहर नियोजन अशा क्षेत्रांत समाजशास्त्राचे पदवीधर काम करतात. अध्यापन, संशोधन किंवा विधी यांसाठी पुढील पदवी लागते. नुसत्या पदवीने दार उघडेल अशी खात्री कोणी देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

नोकरी देणाऱ्याला दाखवण्यासारखे काय आहे, याचा विचार दुसऱ्या वर्षापासून करावा. स्वतः तयार केलेली प्रश्नावली, तिची आधी घेतलेली चाचणी, स्वच्छ केलेली आकडेवारी, दहा पानांचा सुबोध अहवाल आणि एखाद्या संस्थेतील दोन महिन्यांचा अनुभव, या गोष्टी गुणपत्रिकेपेक्षा अधिक बोलतात. आणखी एक गोष्ट या शास्त्रानेच शिकवलेली आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना तिची माहिती बऱ्याचदा जिवलग मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून मिळालेली असते, कारण जिवलगांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते. त्यामुळे जुने सहाध्यायी, प्रकल्पाच्या निमित्ताने भेटलेले लोक, पाहुणे व्याख्याते यांच्याशी संपर्क ठेवावा.

जोडविषय कोणता घ्यावा?

आकडेवारीची आवड असेल तर अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र, दस्तऐवजांची असेल तर इतिहास. मला विचाराल तर इतिहास आणि समाजशास्त्र ही जोडी सर्वांत चांगली जमते, पण हा आवडीचा भाग झाला.

लघुप्रबंधाचा विषय कसा ठरवावा?

‘समाजमाध्यमे आणि तरुण पिढी’ किंवा ‘स्त्रियांची स्थिती’ असे विषय घेऊन विद्यार्थी येतात, तेव्हा मी त्यांना तीन गोष्टी विचारतो: कोणाला भेटणार, कुठे भेटणार आणि किती आठवड्यांत? या प्रश्नांपुढे विषय आपोआप लहान होतो. समाजमाध्यमांवरून सुरुवात केलेला एक विद्यार्थी शेवटी, एकत्र राहणारे खोलीमित्र घरच्या मंडळींशी दृक्‌श्राव्य संवाद साधताना एकमेकांना एकांत कसा देतात, या प्रश्नावर आला. बारा मुलाखती आणि दोन आठवड्यांचे निरीक्षण एवढ्यावर तो प्रकल्प उभा राहिला. कोणी हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करते, कोणी त्या वेळी पाणी आणायला बाहेर पडते, आणि हे कधीही बोलून ठरवलेले नसते, असे त्याला आढळले. समोरासमोरच्या वागण्यातील न बोललेले नियम हा अर्व्हिंग गॉफमन यांचा विषय; त्यांचे लेखन त्याने दुसऱ्या वर्षी परीक्षेपुरते वाचले होते, ते आता पुन्हा, या वेळी स्वतःच्या गरजेने, काढून वाचले.

विषय निवडताना ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न घेऊ नये. मार्गदर्शकांना पहिल्यांदा भेटायला जाताना एका पानावर आपला प्रश्न, आपल्याला काय सापडेल असे वाटते ते, आणि ते चुकीचे ठरले तर कशावरून कळेल, एवढे लिहून न्यावे. तिसरा मुद्दा लिहिताना अडायला झाले, तर प्रश्न बदलावा आणि पान पुन्हा लिहावे.